कौसाबाईचे बांगडे आणि आमचा काजवा

आमच्या गल्लीत अजून मला रक्त तपासणारी बाई समजतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी सकाळी कुणीतरी दारात उभं असतं. हातात औषधाची छोटी बाटली आणि तोंडावर संकोच. "मॅडम, जरा साखर बघता का?" मी सांगते, बाबा रे, मी माणसाचं काही तपासत नव्हते, माणूस जे खातो-पितो ते तपासत होते. त्यावर त्यांचं म्हणणं, एकच झालं की. मग मी चहा पाजून त्यांना वाटेला लावते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन कारखान्यांच्या मधोमध आमची छोटीशी खासगी प्रयोगशाळा होती. खाण्याचे पदार्थ आणि पाणी तपासायची. माणसं एकेक अशी यायची की पगार नसता दिला तरी मी गेले असते. एक दूधवाला दूध न आणता बोअरचं पाणी तपासायला घेऊन आला. कशासाठी विचारलं, तर गप्प. एक सरपंच गावच्या विहिरीचं पाणी देशी दारूच्या बाटलीत घेऊन आले. "बाटली धुतली होती का?" मी विचारलं. "दोनदा धुतली मॅडम, बिलकुल साफ हाय." "कशानं धुतली?" "त्याच पाण्यानं." एक सासूबाई तर डब्यात पिठलं घेऊन आल्या. म्हणाल्या, "सुनेनं केलंय. ह्याच्यात काय टाकून राह्यली ते बघा. पोरगं निस्तं तिचंच ऐकतंय." मी पिठलं चाखून सांगितलं, मीठ बरोबर आहे, बाकी काही नाही. त्या फार नाराज होऊन गेल्या.

पण माझं खरं काम वेगळं होतं. ते सांगायला मला नेहमी मासळीपासून सुरुवात करावी लागते.

मासे, मटण, दूध, डाळ, या सगळ्यांत प्रथिनं असतात. ती कुजायला लागली की त्यातून अमाइन नावाची द्रव्यं तयार होतात. जास्त झाली की आपल्या नाकाला कळतं, त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. गंमत थोड्या प्रमाणाची आहे. वास नाही, चव नाही, रंग बदललेला नाही, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासात माणसाचं तोंड लालबुंद होतं, अंग खाजतं, डोकं ठणकतं. पाण्यातही नाल्याची घाण झिरपली की ही द्रव्यं येतात. इतकं थोडं शोधायचं कसं? तर एक खास रंग वापरायचा. हा रंग स्वतः आंधळा असतो. नुसता ठेवला तर काही दिसत नाही. पण अमाइनचा कण भेटला की त्याला जाऊन चिकटतो, आणि चिकटल्यावर, त्याच्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की उजळतो. जितकं अमाइन जास्त, तितका उजेड जास्त. तो उजेड मोजणारं एक यंत्र आमच्याकडे होतं. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं. आमचे शिपाई शेषराव त्याला 'काजवा' म्हणायचे, आणि हळूहळू साहेबांसकट सगळेच म्हणायला लागले.

शेषराव केदारखेड्याचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, अंगानं बारीक, आणि स्वच्छतेचं वेड माझ्याइतकंच. ते वेड मीच लावलं होतं. कारण या कामात सगळ्यात मोठा चोर म्हणजे तपासणारा माणूसच. आपल्या बोटांच्या घामातही असली द्रव्यं असतात. काचेला अंगठा लागला की काजवा तोही ठसा मोजतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आठवडाभर एका विहिरीत घाण शोधत होते आणि ती माझ्या अंगठ्यावर होती.

म्हणून आमच्या धंद्यात 'कोरा' असतो. कोरा म्हणजे ज्यात तपासायचा पदार्थ घातलेलाच नाही असा नमुना. बाकी सगळं तेच: तेच पाणी, तोच रंग, तीच काच. कोऱ्यात उजेड दिसला तर समजायचं की चोर घरातलाच आहे. मी नव्या पोरींना सांगायचे, नमुन्यानं जे जे सोसलं ते ते कोऱ्यानंही सोसलं पाहिजे, एक तो पदार्थ सोडून. शेषरावांना हे वाक्य पाठ झालं होतं. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना ते मास्तरासारखे सांगायचे.

एवढं सगळं सांगणाऱ्या मी एकदा कशी तोंडावर आपटले, तेच आज लिहायचं आहे.

दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. आई होती तेव्हापासूनचा नेम आहे, मी नोकरीतही कधी मोडला नाही. त्यामुळे आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा मी कधीच हजर नसायचे. आमच्या घरी पूजा नाही, पण शेषराव माझ्या वाटणीचे पेढे कागदात गुंडाळून काजव्याच्या टेबलाच्या खणात ठेवायचे. मी परत आले की खण उघडायचा आणि पेढा तोंडात टाकायचा, हा आमचा दोघांचा दसरा.

त्या वर्षी मी परत आले तर दारातच एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं, आणि पुडक्याचा वास फाटकापर्यंत आलेला. ही कौसाबाई. अंबडच्या आठवडी बाजारात सुकी मासळी विकायची. सुकट, बोंबील, खारा बांगडा. पंचवीस-तीस वर्षं तिची जागा एकच होती, बाजाराच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली. गिऱ्हाईक त्या झाडावर येतं, असं ती सांगायची.

झालं असं होतं की अंबडच्या एका खाणावळीत तिच्याकडचा बांगडा शिजला, आणि जेवणाऱ्या पाच जणांची तोंडं लाल झाली. अंगभर खाज सुटली. दवाखान्यात जाऊन दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले, पण बाजारात बोभाटा झाला की कौसाबाई विषारी मासळी विकते. बाजाराच्या ठेकेदारानं तिला सांगितलं, तपासल्याचा कागद आण, तर जागेवर बस. नाहीतर पार शेवटी, उकिरड्याच्या कडेला.

"उद्या बाजार हाय बाई," कौसाबाई म्हणाली. "आज कागद भेटला न्हाई तर जागा गेली. तिथं दुसरी बसायला टपूनच हाय."

"मावशी, घाईत होत नाही हे काम."

"मी बी ह्येच बांगडे खाल्ले. नातवानं खाल्ले. आम्हाला काहीच झालं न्हाई. तुमचं यंतर सांगंल ना बराबर?"

"यंत्र खोटं बोलत नाही मावशी," मी म्हणाले. किती ऐटीत म्हणाले होते ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

बांगडा वाटला, गाळला, पुन्हा गाळला, रंग घातला. आधी कोरा लावला. काजवा शांत, आकडा जवळजवळ शून्य. मग मासळीचा अर्क बोटाएवढ्या चौकोनी काचनळीत भरला. त्याचा थोडा ओघळ बाहेर आला म्हणून खणातलं मऊ फडकं स्पिरिटमध्ये बुडवून काच पुसली आणि यंत्रात ठेवली. आकडा उडाला. मी पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं, पुन्हा ठेवलं. आकडा आणखी वर. शहाण्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती, कारण एकाच मासळीनं पाच मिनिटांत एवढं बदलायचं काही कारण नव्हतं. पण प्रवासाचा शीण होता, दारात म्हातारी होती आणि मनात मी आधीच ठरवून बसले होते की पाच जणांची तोंडं लाल झाली म्हणजे मासळी वाईटच असणार. मी दोन्ही आकडे लिहिले. 'खाण्यास अयोग्य' असं लिहून सही केली.

कौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. कागदाची बारीक घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. "बरं," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. मी पेढा खाल्ला नाही.

तीन दिवसांनी राजूरच्या एका हॉटेलवाल्याचं पाणी आलं. गणपतीच्या देवळाला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं शुद्ध शाकाहारी हॉटेल, चतुर्थीच्या गर्दीआधी त्याला पाणी चांगलं असल्याचा कागद हवा होता. सोपं काम. कोरा लावला, शून्य. पाणी भरलं, काच पुसली, ठेवली. आकडा बघून मी खुर्चीतून उठले. हॉटेलवाल्याच्या पाण्यात कौसाबाईच्या बांगड्याइतकं अमाइन निघालं होतं.

"शेषराव," मी ओरडले, "गणपतीच्या गावच्या पाण्यात बांगडा निघाला!"

शेषराव धावत आले. "असं कसं मॅडम? मीच हातानं आणलंय तिथून. पाणी बराबर हाय."

मग मी खाली बसले आणि विचार केला, की पाण्यानं आणि बांगड्यानं असं काय सोसलं, जे कोऱ्यानं सोसलं नाही? रंग तोच. काच तीच. यंत्र तेच. कोरा भरताना मात्र थेंब बाहेर सांडला नव्हता, म्हणून पुसायची गरज पडली नव्हती. नमुन्यांच्या वेळी पुसलं होतं. दोन्ही वेळा. त्या फडक्यानं.

फडकं खणातच होतं, पेढ्याच्या कागदाशेजारी. दिवसाउजेडी पांढरं. बँकेत नोटा बघायचा निळा दिवा असतो, तसला आमच्याकडे एक होता. खोलीत अंधार केला आणि दिव्याखाली फडकं धरलं. सगळं फडकं पिवळंधमक उजळलं.

"ही तर हळद हाय," शेषराव हळूच म्हणाले.

खंडेनवमीला त्यांनी काजव्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मला यंत्रावर डाग चालत नाही हे त्यांना ठाऊक. म्हणून पूजा झाल्यावर त्यांनी खणातल्या मऊ फडक्यानं सगळी हळद निपटून पुसली, फडकं साबणानं धुतलं, वाळवलं, घडी घालून होतं तिथं ठेवलं. आता डाग डोळ्याला दिसेनासा झाला तरी हळद कपड्यातून पुरती धुऊन जात नाही हे आपल्या बायांना कुणी सांगायला नको. आणि आमचा रंग जसा आंधळा असतो तशी हळद नसते. तिला अमाइन वगैरे काही लागत नाही, ती स्वतःच उजळते. स्पिरिटमध्ये तर फारच. मी पुसत होते तेव्हा काच स्वच्छ होत नव्हती, तिच्यावर हळद चढत होती. जितकी पुसली तितका आकडा वर.

शेषरावांचे डोळे भरून आले. "मॅडम, मी देवाचं करायला गेल्तो अन् त्या म्हातारीचं वाटोळं झालं."

"वाटोळं तुम्ही नाही केलं," मी म्हणाले. "कोऱ्याला मी पुसलं नाही. तुम्ही पाहुण्यांना सांगता तेच मी विसरले." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं, आणि त्या क्षणी मला माझा फार राग आला होता.

नवं फडकं आणलं. राजूरचं पाणी पुन्हा लावलं, स्वच्छ निघालं. कौसाबाईच्या बांगड्याचा उरलेला तुकडा बर्फाच्या पेटीत होता, तो लावला. त्यातही काही वावगं नाही. पण मग पाच जणांची तोंडं लाल कशी झाली? मी अंबडच्या खाणावळीत फोन लावला. आचारी म्हणाला, बांगडा खारट असतो म्हणून सकाळीच पाण्यात भिजत टाकला होता, रात्री शिजवला. म्हणजे दिवसभर, त्या उकाड्यात. आम्ही तसंच केलं. अर्धा तुकडा सकाळी पाण्यात टाकून खिडकीत ठेवला, शेजारी कोऱ्याचं नुसतं पाणी. दुपारपर्यंत शेजारच्या कारखान्यातून दोनदा माणूस विचारायला आला, काय मेलंय म्हणून. संध्याकाळी कोरा पुसून, नमुना पुसून, दोन्ही मोजले. कोरा शून्य. भिजलेल्या बांगड्याचा आकडा मात्र भलताच वर गेला होता. वाळलेल्या बांगड्याला मीठ राखत असतं. मीठ धुऊन उकाड्यात ठेवला की तो नासायला लागतो. चूक कौसाबाईच्या टोपलीत नव्हतीच, ती खाणावळीच्या पातेल्यात झाली होती.

साहेब म्हणाले, 'सुधारित अहवाल' असं लिहा आणि पोस्टानं पाठवा, चूक वगैरे शब्द नको. त्यांचंही बरोबर होतं, प्रयोगशाळा त्यांना चालवायची होती. पण बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि अंबडच्या एसटीत बसले. शेषराव आधीच खिडकीपाशी बसलेले होते. "माझी बी रजा हाय आज," म्हणाले.

लिंबाखाली दुसरीच बाई कांदे मांडून बसली होती. कौसाबाई उकिरड्याच्या कडेला, पुढ्यात टोपली तशीच भरलेली. मला बघून तिनं पदर सारखा केला. मी ठेकेदाराला बोलावून आणलं. चार लोक जमले, मग चाळीस जमले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पहिला कागद चुकीचा होता, चूक माझी होती, मासळी चांगली आहे, भिजवून दिवसभर ठेवू नका. आणि नवा कागद कौसाबाईच्या हातात दिला.

तिनं कमरेच्या पिशवीतून पहिला काढला. दोन्ही कागद शेजारी धरले. अक्षर येत नव्हतं तरी खालचं वळण तिनं बरोबर ओळखलं.

"ह्याच्यावर बी तुमचीच सही. त्याच्यावर बी तुमचीच," ती म्हणाली. "मंग मी कोणत्या सहीवर इश्वास ठिऊ?"

लोक हसले नाहीत. ठेकेदार म्हणाला, "बराबर बोलून राह्यली म्हातारी. उद्या मॅडम तिसरा कागद आणतील." इतकी वर्षं मी कागद देत आले होते, आणि कागदाचा उपयोग संपल्यावर काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी तिच्या टोपलीशेजारी खाली बसले. "मावशी, एक बांगडा भाजून द्या. भाकरी आहे का?"

शेजारच्या चहावाल्याच्या निखाऱ्यावर तिनं बांगडा भाजला. स्वतःच्या फडक्यातली ज्वारीची भाकरी दिली, वर ठेचा. मी खायला लागले. शेषराव मासळी खात नाहीत. ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मला बी अर्धी भाकर द्या. बांगडा सोडून सगळं द्या." मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. "मॅडम, कोरा लागंल ना."

त्यांनी लोकांना सांगितलं की अर्धा तास थांबा, तोंड लाल व्हायचं असंल तर तेवढ्यात होईल. आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. अंबडच्या बाजारानं कांदे-बटाटे सोडून माझ्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. बायका अगदी जवळ येऊन बघत होत्या. "धा मिनिटं झाले," शेषराव पुकारत होते. "पंधरा." डोक्यावर ऊन, नाकातोंडात ठेच्याचा जाळ, आणि चाळीस माणसं माझी कानशिलं तपासत असलेली. त्या दिवशी मला कळलं की नमुन्याला कसं वाटत असेल.

विसाव्या मिनिटाला मागून एक जण ओरडला, "झालं! झालं! बाईचं तोंड लाल होऊन राह्यलं!"

गर्दी एकदम पुढे आली. ठेकेदारानं मान हलवली. मी गालाला हात लावला, गाल खरंच तापले होते. आणि तेवढ्यात कौसाबाई उठली. तिनं शेषरावांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड सगळ्यांकडे वळवलं. ते माझ्याहून लाल होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अन् ह्याचं काय रे?" ती कडाडली. "ह्यानं कुठं बांगडा खाल्लाय? ठेचा दोघांनी खाल्ला, उन्हात दोघं बसले. मंग लाल कशानं झाले, सांग की!"

सगळा बाजार हसला. ठेकेदारही हसला. मी तर हसता हसता रडायलाच लागले, आणि त्यात ठेच्याचा वाटा थोडाच होता. विज्ञान शिकून आलेल्या पोरींना जे समजवायला मला महिना लागायचा, ते या बाईनं कुणी न सांगता ओळखलं होतं. माझ्या कोऱ्यानं मला वाचवलं होतं.

कांदेवालीनं आपण होऊन पोतं सरकवलं. कौसाबाई टोपली घेऊन लिंबाखाली जाऊन बसली आणि पहिलं गिऱ्हाईक मीच झाले. अर्धा किलो बांगडा मागितला. तिनं तोलला, आणि बांधायला कागद शोधायला लागली. मग तिनं पिशवीतून माझा पहिला अहवाल काढला, 'खाण्यास अयोग्य' लिहिलेला, खाली माझी ठसठशीत सही असलेला, आणि त्यात बांगडे नीट गुंडाळून माझ्या हातात दिले.

"घ्या बाई," ती म्हणाली. "भिजत घालू नका लई वेळ."